विचियनला काही होत नाही

विचियनची दाढ दुखत होती तेव्हा मे-क्लोंगच्या दंतवैद्याने चुकून शेजारची चांगली दाढ उपटली. विचियनने चूळ भरली, वैद्याचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी बस धरून राचबुरीला गेला. तिथे दुसऱ्या वैद्याकडून दुखरी दाढ काढून घेतली. ही गोष्ट तो कुणाला सांगणार नव्हता. पण बायकोने, बुप्फाने, एकाच गालात दोन खड्डे पाहिले, सगळी हकिकत त्याच्याकडून वदवून घेतली आणि मग ती कालव्याच्या दोन्ही काठांवर वाटली. लोक पोट धरून हसले आणि हसून झाल्यावर म्हणाले, किती भला माणूस! आमच्याकडे हे असंच चालतं. ज्याचं तोंड उघडत नाही त्याला आम्ही भला म्हणतो, आणि मग तो बिचारा जन्मभर ते नाव सांभाळत मरतो. तो एकटा मेला तर एक वेळ चालेल.

चौतीस वर्षं तो अम्फवा गावाच्या खालच्या अंगाला कालव्याच्या झडपेवर नोकरीला होता. भरती आली की झडप पाडायची, म्हणजे खारं पाणी नारळाच्या बागांत शिरत नाही. ओहोटीला ती वर उचलायची. दिवसातून चार वेळा वहीत पाण्याची पातळी लिहायची आणि पुढे शेरा मारायचा, 'नेहमीप्रमाणे'. अक्षर असं सुरेख, की वरच्या कचेरीतले कारकून ती वही नव्या पोरांना दाखवायचे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकदा त्याने शेऱ्यात खरं लिहिलं होतं. डाव्या खाचेतून पाणी झिरपतं आहे, एवढंच. वही वर गेली, वरून मोठे साहेब आले, आणि त्यांनी विचियनच्या वरिष्ठाला चारचौघांत फैलावर घेतलं. हा वरिष्ठ मायाळू माणूस. विचियनच्या लग्नात त्याने स्वतः पंगत वाढली होती. तो विचियनला एका शब्दाने बोलला नाही. महिनाभरात त्याची दूर दक्षिणेला बदली झाली, आणि जाताना तो विचियनच्या हातात आंब्यांची करंडी ठेवून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे झडप कितीदा अडकली, गंजली, एकदा तर साखळी तुटली. विचियनने पाण्यात बुड्या मारून, तारा बांधून सगळं निस्तरलं आणि वहीत लिहिलं, 'नेहमीप्रमाणे'.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्याच्या मानेत गाठी आल्या. रक्ताचा कर्करोग निघाला. एका घावात मारणारा नव्हे, वर्षानुवर्षं रेंगाळणारा. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बँकॉकच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं ठरलं. मे-क्लोंगच्या बाजारातून सकाळी व्हॅन सुटे, आणि मागच्या सीटवर लमुन बसलेली असे. तिलाही हेच दुखणं, हाच मंगळवार.

लमुनचं बांगडे वाफवायचं दुकान होतं. आमच्या बाजूचा बांगडा बांबूच्या चिमुकल्या टोपलीत बसवून वाफवतात. टोपली लहान आणि मासा मोठा, म्हणून त्याची मान मोडून तो आत घालायचा. लमुन दिवसाला हजारभर माना मोडायची आणि उरलेल्या वेळात तक्रार करायची. व्हॅनच्या ड्रायव्हरबद्दल, जावयाबद्दल, हॉस्पिटलच्या पायऱ्यांबद्दल, सरकारबद्दल. नर्सने रक्त घेतलं की हिचा आवाज औषधाच्या खिडकीपर्यंत पोचायचा.

"दादा, सुई टोचली म्हणायची की खिळा ठोकला?"

"नाही गं, हलका हात आहे तिचा."

"हलका? हा दंड बघ माझा, वांग्यासारखा झालाय! तुला काय, तुला टोचली काय अन् भिंतीला टोचली काय."

विचियनला ती फार आवडायची. त्यालाही सुई दुखायची, पायऱ्यांनी दम लागायचा, ड्रायव्हरचा राग यायचा. त्याच्या वाटचं सगळं लमुन परस्पर बोलून टाकायची, आणि त्याला घरी जाताना हलकं वाटायचं. जन्मात त्याला मैत्री अशी हीच एक.

सहा वर्षं पहिल्या औषधाने दुखणं दाबून धरलं. मग ते उलटलं. आधी विचियनचं, चार महिन्यांनी लमुनचं.

डॉक्टर पिम तेव्हा चौतीस-पस्तिसाची होती. सडपातळ, डोळ्यांखाली कायम काळं, आणि बोलणं असं मऊ की वाईट बातमीही औषध पाजल्यासारखी देई. तिच्याकडे नवी चाचणी सुरू झाली होती. एक पांढरी गोळी आणि एक पिवळी. दोन्ही वेगवेगळ्या दिलेल्या होत्या, पण एकत्र किती दिल्या तर शरीर झेलतं हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तिघा-तिघांचे गट केले होते. पहिल्या तिघांना थोडं औषध द्यायचं, अठ्ठावीस दिवस बघायचं, काही वाईट झालं नाही तर पुढच्या तिघांना वाढवून द्यायचं, आणि असं वर चढत जायचं. म्हणजे पुढच्यांच्या पोटात किती जाणार, हे आधीच्यांच्या तोंडावर अवलंबून.

"काका, रक्त मी तपासेन," पिमने विचियनला सांगितलं. "पण आत काय होतंय ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. ही वही घ्या. बारीकसारीक सगळं रोज लिहायचं. मला वाईट वाटेल म्हणून काही लपवायचं नाही. कबूल?"

"कबूल, डॉक्टरबाई," तो म्हणाला. तिला तेच ऐकायचं होतं म्हणून म्हणाला.

खरं तर तो तिच्या उपकाराखाली पार दबला होता. त्या एप्रिलमध्ये, सोंगक्रानच्या सणाला, पिम आपल्या आईला घेऊन कालव्यावर त्याच्या घरी आली होती. वडीलधाऱ्यांच्या हातावर घालतात तसं फुलांचं पाणी तिने त्याच्या हातावर घातलं आणि गुडघे टेकून आशीर्वाद मागितला. एवढी शिकलेली डॉक्टर झडपेवरच्या माणसापुढे गुडघे टेकते! विचियन त्या दिवशी जेवला नाही, आणि त्यानंतर तिच्याकडे नीट वर मान करून बघायचीही त्याला चोरी झाली.

तो दुसऱ्या गटात होता. नवव्या दिवशी परसाकडे काळं डांबर पडलं. छातीत मधूनच असं काही उसळायचं की तो खांबाला धरून उभा राहायचा. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येई. त्याने वही उघडली, तारीख घातली आणि आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'ठीक'.

बुप्फाला हे कळायला दोन दिवस लागले, कारण कपडे तीच धुवायची.

"हे काय लिहिलंत? ठीक? ह्याला ठीक म्हणतात?"

"आज आहे, उद्या जाईल."

"आणि छाती? काल जिन्यात बसलात ते काय वारा खायला?"

"अगं, त्या पोरीला शौचाचं सांगू? हातावर पाणी घातलंय तिने माझ्या."

"हातावर घातलंय ना? मग पोटातलं सांगायला काय हरकत आहे? द्या तो फोन, मी सांगते."

लग्नानंतर पहिल्यांदाच विचियनचा आवाज चढला. "तू सांगितलंस तर मी गोळ्या कालव्यात टाकीन. बघ मग!" बुप्फा गप्प बसली. ती काही निराळ्या गावची नव्हती. नवऱ्याची लाज झाकायची तर आपलं तोंड आधी झाकायचं, हे तिलाही आईने शिकवलेलं.

तिसऱ्या आठवड्यात त्रास हळूहळू कमी झाला. अठ्ठाविसाव्या दिवशी पिम कागद पुढे ओढून बसली. रक्ताचे आकडे इतके चांगले होते की तिचा चेहरा उजळला होता. मानेतल्या गाठी बोटांना लागत नव्हत्या. छातीचा आलेखही त्या दिवशी शहाण्यासारखा सरळ आला.

"काही त्रास, काका? काहीही?"

तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ती किती थकली आहे आणि तिला काय लिहायचं आहे, हे विचियनला स्पष्ट दिसत होतं.

"काही नाही, डॉक्टरबाई. पाणी प्यावं तसं."

तिने शून्य लिहिलं. "तुमच्यासारखे पेशंट मिळाले की माझं काम सोपं होतं," ती म्हणाली. विचियन त्या दिवशी व्हॅनमध्ये ताठ बसून घरी आला.

तिसऱ्या गटाचा डोस दीडपट ठरला. त्या गटासाठी लमुनला विचारणा झाली. एकोणीस पानांचं संमतीपत्र तिची मुलगी पुई चौथ्या पानापर्यंत वाचून दाखवत होती, तेवढ्यात लमुनने हात वर केला.

"बस कर. विचियनदादाने घेतलंय ना? दादा, तू सांग. माणसाने घ्यावं का हे?"

नकार द्यायची, निदान खरं सांगायची ही वेळ होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. पिमसुद्धा.

"घे गं," विचियन म्हणाला. "मला काहीच झालं नाही."

चाचणीतल्या सगळ्यांची, विचियनचीही, दर मंगळवारी तपासणी, आणि वही प्रत्येकाने आपापली भरायची. पण लमुनच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पुईला दुकान सोडवत नसे. मग व्हॅनमध्ये लमुन आठवड्याचं सांगायची आणि विचियन तिच्या वहीत लिहून द्यायचा.

"लिही. छाती अशी उडते की झंपर हलतो."

त्याने लिहिलं, 'छातीत किंचित धडधड'.

"लिही. परसाकडे काळंकुट्ट होतं, चुलीतली राख कालवल्यासारखं. हिरड्यांतून रक्त येतं. लिहिलंस?"

"लिहिलं." त्याने लिहिलं होतं, 'पोट थोडं बिघडलेलं'. ती सांगत होती ते त्याला शब्द न् शब्द पाठ होतं.

पण लमुन वहीवर थोडीच अवलंबून होती. तिने तपासणीच्या खोलीत आवाज लावला. पिमने सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठी घातली आणि बाहेर बाकावर बसलेल्या विचियनकडे स्वतः चालत आली.

"काका, मला अगदी खरं सांगा. तुमच्या वेळी असं काही झालं होतं का? काळं शौचाला, छातीत धडधड? मी रागावणार नाही."

ती रागावणार नाही, हेच तर विचियनला सहन होण्यासारखं नव्हतं. तिचं ते शून्य कागदावर चढून मोठ्या समितीपुढे गेलं होतं. तिने ते सभेत उभं राहून वाचून दाखवलं होतं. आता हो म्हटलं की उद्या तिलाच कुणीतरी चारचौघांत विचारणार, पेशंटला नीट विचारता येत नाही का तुला.

"नाही, डॉक्टरबाई. असं काही नाही झालं."

तिच्या कपाळावरची आठी गेली. ती आत जाऊन लमुनला म्हणाली, "मावशी, तुम्ही सकाळी डुकराच्या रक्ताचं सार खाता ना? त्यानेही काळं होतं."

"खाते की! तीस वर्षं खाते. तीस वर्षं कधी काळं झालं नाही!"

दोन नर्सा हसल्या. पिमलाही हसू आलं. लमुनचं ओरडणं तिथे सगळ्यांच्या ओळखीचं होतं. रक्त जरासं कमी भरलं होतं, पण ह्या दुखण्यात ते व्हायचंच. आठवडाभर सार बंद करून बघू, असं ठरलं.

परतीच्या वाटेवर मिठागरं लागली तेव्हा लमुन त्याच्याकडे वळली. आवाज खाली आणला होता, आणि ते तिला शोभत नव्हतं.

"दादा, इथे डॉक्टरीण नाही, कुणी नाही. तुला माझ्या पोरीची शपथ. तुला खरंच काही झालं नव्हतं?"

एवढं जवळचं माणूस दुसरं नव्हतं. पण हिच्या पोटात काही राहत नाही हे त्याला माहीत होतं. हो म्हणायचा अवकाश, ती पुढच्या मंगळवारी हॉस्पिटल डोक्यावर घेणार. विचियनने मिठाच्या ढिगांकडे बघितलं.

"नाही गं."

"मग मीच रडकी," लमुन म्हणाली. मे-क्लोंग येईपर्यंत ती पुन्हा बोलली नाही. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ड्रायव्हरने दोनदा आरशात बघून विचारलं, "मावशी, झोपलात काय?"

पुढच्या मंगळवारी विचियनने वही उघडली.

"लिही, ठीक," लमुन म्हणाली.

"आणि छाती?"

"ठीक लिही म्हटलं ना. तू सोसलंस, मग मी काय मेणाची आहे? माझ्या ओरडण्याला सगळे हसतात, दादा. मला कधी कळलंच नव्हतं." तिचे ओठ पांढरे पडले होते.

विचियनचं पेन थांबलं. अजून वेळ होता. व्हॅन महाचाई ओलांडत होती, हॉस्पिटल तासाभरावर होतं, आणि एका वाक्याने सगळं थांबलं असतं. त्याने पेन टेकवलं आणि लिहिलं, 'ठीक'. तपासणीच्या खोलीत लमुनने स्वतःच्या तोंडाने तेच सांगितलं. रक्त आणखी थोडं उतरलं होतं. पण बाई ओरडत नाही म्हणजे बरी आहे, असं सगळ्यांनी धरलं. पिमने तिचं कौतुकही केलं.

शनिवारी सकाळी लमुन टोपल्यांच्या मधोमध रक्त ओकून पडली.

रविवारी विचियन आणि बुप्फा बँकॉकला पोचले तेव्हा तिला रक्ताच्या सात पिशव्या चढल्या होत्या, आणि चढलेलं सगळं आतल्या आत गळत होतं. पिमने दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. नावं वेगळी, अक्षर एकच.

"लमुनमावशींची वही तुम्ही लिहीत होता, काका?"

"हो."

"त्या सांगायच्या तेच लिहिलंत?"

विचियनने मान खाली घातली. पिमने दुसरी वही पुढे सरकवली. "आणि ही तुमची? ही तरी खरी आहे?"

त्याने ती वही मिटून ठेवली. बुप्फाच रडत बोलली. "नऊ दिवस डांबर पडत होतं, डॉक्टरबाई. मी धुतलंय ना माझ्या हातांनी. छाती धरून जिन्यात बसायचे. मी फोन करणार होते. का नाही केला मी फोन?"

पिमचा चेहरा कागदासारखा झाला. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने आधी फोन उचलला आणि तिसऱ्या गटातल्या बाकीच्या दोघांना गोळ्या त्याच क्षणी थांबवायला सांगितल्या. त्यांतल्या एकाला पाच दिवस काळं होत होतं. तोही बोलला नव्हता. ते दोघं वाचले, आज हिंडतफिरत आहेत.

मग ती खुर्चीत बसली आणि तिने डोळे पुसले. "काका, आत जा," ती म्हणाली. "त्या शुद्धीवर आहेत, पण फार वेळ नाही राहणार. सकाळपासून मला विचारतायत, माझं काय चुकलं म्हणून. मी सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही, औषधच जास्त झालं. त्यांना पटत नाही. म्हणतात, विचियनदादाला कुठे काय झालं. तुम्ही सांगा. तुमचंच ऐकतील त्या."

विचियन उठला. हे मात्र सांगायचंच, असं त्याने ठरवलं होतं. दारापर्यंतच्या वीस पावलांत त्याने वाक्यही जुळवलं. तू खरं बोलत होतीस, लमुन, मलाही तसंच झालं होतं. बुप्फा मागून येऊन दारात उभी राहिली.

लमुन उशीवर एवढीशी दिसत होती. माना मोडून मोडून जाड झालेली बोटं चादरीवर मोकळी पडली होती. तिने त्याला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"दादा, तुला मान खाली घालायला लावली मी."

"लमुन..."

"थांब, बोलू दे. तुझ्या शब्दावर मी गोळ्या घेतल्या, आणि मला तेवढंही निभावता आलं नाही. डॉक्टरबाईंचं काम बिघडलं. जन्मभर नुसती कुरकुर केली मी. एकदा म्हटलं, दादासारखं गप्प बसून बघू, तेही धड जमलं नाही." तिने दम घेतला. आयुष्यात तिने नवऱ्याची, जावयाची, देवाची कुणाची माफी मागितली नव्हती. "रागावलास का रे?"

ती उत्तराची वाट बघत होती. बुप्फा दारातून त्याच्याकडे बघत होती. वाक्य तयार होतं, त्याच्या जिभेवर होतं. पण ते बोललं तर लमुनचा चेहरा कसा होईल, हे त्याला दिसलं, आणि तो चेहरा बघायची त्याची छाती झाली नाही.

"नाही गं," विचियन म्हणाला. "असू दे. मनाला लावून घेऊ नकोस."

लमुनला बरं वाटलं. हाताला नळ्या होत्या, तरी तिने धडपडून दोन्ही तळवे जुळवले आणि कपाळाकडे नेले. विचियननेही हात जोडले. दारातून बुप्फा निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी लमुन गेली, चूक आपलीच होती आणि दादाने ती पोटात घातली, असं मानून.